पन्हळीचा ढाळ: आधी दोरी, मग ब्रॅकेट

पन्हळ पहिल्यांदाच बसवताय, तर डोळ्यांच्या अंदाजावर अजिबात जाऊ नका. छताच्या कडेची फळी सरळ दिसते, पण जुन्या घरात ती बहुधा कुठेतरी झुकलेली असते. फळीला समांतर पन्हळ लावली की पाणी मध्येच तुंबलंच म्हणून समजा.

ढाळ फार लागत नाही. दर ३ मीटरला साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे १० मीटरच्या पन्हळीला एकूण २० मिलिमीटर. जास्त दिलात तर पन्हळ खालून वाकडी दिसते आणि उतरत्या टोकाला छताच्या कडेपासून इतकी खाली जाते की जोराच्या पावसात पाणी तिच्यावरून उडून बाहेर पडतं. लांबी १२ मीटरच्या पुढे असेल तर मधला भाग उंच ठेवून दोन्ही टोकांकडे ढाळ द्या, आणि पाणी खाली उतरवणारे पाइपही दोन लावा.

खुणा करताना पाण्याची लेव्हल-नळी वापरा, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. लांब अंतरावर छोट्या स्पिरिट लेव्हलपेक्षा माझा तिच्यावरच जास्त विश्वास आहे. आधी दोन्ही टोकांचे ब्रॅकेट बसवा, त्यांच्यात दोरी घट्ट ताणा आणि मधले ब्रॅकेट दोरीला टेकवून, ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता लावा. अंतर वाढलं की भरलेली पन्हळ वजनाने झोळते आणि ढाळ तिथेच संपतो.

शिडीवरून उतरण्यापूर्वी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. कुठे थांबलं, तर तिथला ब्रॅकेट आत्ताच हलवा. जोड सील करायचे ते त्यानंतर.