एखाद्या छोट्या, घरच्या माणसांनी चालवलेल्या मोटरहोम कंपनीचा इतिहास सांगाल का? अशा कंपन्या मोठ्यांपुढे टिकतात का?

माझ्या मते यासाठी अमेरिकेतल्या फ्रँक कुटुंबाइतकं चांगलं उदाहरण नाही. मी डेट्रॉइटच्या उपनगरात गाड्यांच्या बॉडीचं काम करतो आणि त्यांचं गाव, ब्राउन सिटी, याच मिशिगन राज्यात उत्तरेला आहे. शेतीवाडीचं, जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचं गाव.

रेमंड फ्रँक यांनी 1958 मध्ये आपल्या कुटुंबाला हिंडायला म्हणून एक चाकांवरचं घर बांधलं. तोपर्यंत अमेरिकेत बहुतेक लोक मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला चाकांचा डबा, ओढत नेत. इथे चालवायची जागा, झोपायची जागा आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली आलं. बघणाऱ्यांनी चौकशा सुरू केल्या, आणि 1960 च्या आसपास ते इतरांसाठीही अशा गाड्या बांधू लागले. ‘मोटरहोम’ हे नाव रूढ करण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

आता छोट्या माणसाला हे जमलं कसं? तर चासी दुसऱ्याची होती म्हणून. आपल्याकडे हायवेवर तुम्ही बिनबॉडीची चासी जाताना पाहिली असेल: नुसता सांगाडा, इंजिन, स्टिअरिंग आणि तोंडाला फडकं बांधून बसलेला ड्रायव्हर. ती बॉडी बिल्डरकडे जाते आणि तिथून बस होऊन बाहेर पडते. फ्रँक यांचं काम नेमकं हेच. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक डॉज या मोठ्या अमेरिकी गाडी-कंपनीचे, घर ब्राउन सिटीचं. इंजिन तयार करण्याचा अवाढव्य खर्च त्यांच्या अंगावर कधी आलाच नाही. शिवाय डॉजचे डीलर या गाड्या विकत, त्यामुळे शोरूमचाही प्रश्न सुटला.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते रेमंड यांचा मुलगा रॉन याचं काम. त्या काळचं मोटरहोम म्हणजे साधारणपणे लाकडी सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि भरपूर सांधे. गाडी खड्ड्यांतून हादरते, सांधे सैल होतात, पाणी शिरतं, आतलं लाकूड कुजतं. रॉनने 1963 च्या सुमारास गोलसर कडांची फायबरग्लासची बॉडी आखली. फायबरचं काम असं चालतं: साच्याला आतून रंगाचा जेलकोट मारायचा, त्यावर काचतंतूंची चटई, वर रेझिन (वाळून कडक होणारं चिकट द्रव), रोलरने हवा काढायची, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. वाळलं की अख्खा भाग साच्यातून निघतो. सांधे कमी, गंज नाही, आणि पत्र्याला सहज न मिळणारा बाक मिळतो.

दरवर्षी ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे यातली एक 27 फुटी, पांढरी आणि फिरोजी रंगाची गाडी मी आतून पाहिली. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचं मोठं झाकण. मालकाने ते उचलून दाखवलं, खाली डॉजचं 318 घनइंची व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. म्हणजे दुरुस्ती करायची तर पाऊस असो वा बर्फ, घरात बसून. बाहेरून मी कोपऱ्यावर हात फिरवला, इतक्या वर्षांनीही तडा नव्हता. माझ्यासारख्या बॉडीवाल्याला त्या कोपऱ्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

मात्र हीच पद्धत महागही होती. साचा बनवायला पैसा जातो, प्रत्येक भाग हाताने थरावर थर देऊन करावा लागतो आणि तो वाळेपर्यंत साचा अडकून पडतो. मागणी वाढली की भांडवल लागतं, आणि ते कुटुंबाच्या खिशात नसतं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर फ्रँकनी कंपनी विकली. पुढे ती गाडी ‘ट्रॅव्हको’ नावाने प्रसिद्ध झाली. 1966 मध्ये आयोवातली विनेबागो कंपनी मोटरहोमच्या धंद्यात उतरली आणि बाकीच्यांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत गाड्या देऊ लागली. त्यांच्या भिंती म्हणजे फोम मध्ये घालून चिकटवलेल्या सपाट पॅनेल. फॅक्टरीत भराभर निघणाऱ्या. हाताने घडवलेली गोल बॉडी त्या किमतीला कधीच उतरली नसती. मग 1973 चं तेलसंकट आलं आणि सगळ्याच धंद्याचं कंबरडं मोडलं. दशक सरता सरता क्रायस्लर, म्हणजे डॉजची मालक कंपनी, स्वतःच डबघाईला आली आणि तिने मोटरहोमच्या चासी बनवणं सोडलं. ज्या उसन्या चासीवर हा डोलारा उभा होता, तीच गेली.

फ्रँक कुटुंब मात्र कंपनी विकल्यावर घरी बसलं नाही. त्याच ब्राउन सिटीत त्यांनी पुन्हा काम सुरू केलं, या वेळी डॉजच्या तयार व्हॅनमध्येच पलंग, शेगडी, सिंक बसवून, ‘एक्सप्लोरर’ या नावाने. अख्खी बॉडी घडवायची नाही, आहे त्या व्हॅनचं घर करायचं. यात भांडवल कमी लागतं, आणि माझं मत विचाराल तर छोट्या कुटुंबाला झेपणारं काम हेच. आपल्याकडे आज जे कॅम्परव्हॅन बांधतायत, त्यांनाही मी तयार व्हॅनपासूनच सुरुवात करा म्हणेन. आणि कोणी जुनी ट्रॅव्हको घ्यायला निघालं असेल, तर बॉडीच्या आधी खाली वाकून चासी, ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलची टाकी बघा. फायबर गंजत नाही, पण खालचं लोखंड गंजतं.