वाशी ते दादर भाजीच्या फेऱ्या करणाऱ्या बीएस-६ डिझेल पिकअपचा डीपीएफचा दिवा सारखा लागतो. इंजिन गेलं का?

नाही, इंजिन गेलेलं नाही. सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरत आलाय. ही काजळी जळायला धुराचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि चेंबूर-सायनच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत ते होत नाही. माझ्या दोन गाड्या याच मार्गावर चालतात, त्यामुळे हे ओळखीचं आहे. पहाटे रस्ता मोकळा असताना वाशीहून पनवेलच्या दिशेने वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात चालवा, साठच्या आसपास, आणि मध्ये गाडी बंद करू नका. बहुतेक वेळा दिवा विझतो. मग डिपस्टिक काढून नक्की बघा: ऑइल खुणेच्या वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते लगेच बदला. काजळी जाळायची साफसफाई अर्धवट राहिली की त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनाचं बेअरिंग खातं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं घाला. मात्र दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीचा जोर कमी झाला असेल, तर गाडी पळवू नका, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फिल्टर साफ करून घ्या. कोणी फिल्टर कापून काढायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका, ते बेकायदा आहे.