कॅनडा की जर्मनी? आधी कोणतं सरकार काय ठरवतं ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की खानापूर सोडून बाहेर जायचं मनात आहे. तुम्ही नर्स, मिस्टर अकाउंट्समध्ये, मुलगा दुसरीला मराठी शाळेत. कॅनडा बरा की जर्मनी, आणि परक्या मुलखात काही अडलं तर दाद कुठं मागायची, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी मूळचा बेळगावचा, आता बरीच वर्षं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात. पगार आणि थंडी सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहितो, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय पहिला सुटणार नाही.

आपण कोणत्या सरकारच्या हाताखाली येतो यानं काय फरक पडतो, हे सीमाभागात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, आणि पुढं जमिनीच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत भाषा बदलली. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, त्याची वाट आपण अजून बघतोय. आपल्या घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्याची हद्द संसद बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. कॅनडात प्रांताच्या विधिमंडळानं हो म्हटल्याशिवाय त्याची हद्द हलत नाही. एवढ्यावरूनच तिथं प्रांताचं वजन किती ते कळेल.

कॅनडाची वाटणी १८६७ च्या घटना कायद्यातली. फौजदारी कायदा, नागरिकत्व, बँका, घटस्फोट हे केंद्राकडं. दवाखाने, शिक्षण, मालमत्ता, करार, बहुतेक नोकऱ्यांचे कायदे प्रांताकडं. म्हणजे व्हिसा ओटावा, म्हणजे केंद्र सरकार देणार, पण त्यानंतरचं तुमचं रोजचं जगणं प्रांत चालवणार. नर्सिंगचा परवानासुद्धा प्रांताची संस्था देते. एका प्रांतातला परवाना दुसऱ्यात आपोआप चालत नाही, तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. म्हणून 'कॅनडाला जातोय' एवढं ठरवून भागत नाही, कोणत्या प्रांतात हे आधी ठरवा.

भाड्याच्या घराचंच बघा, कारण उतरल्या उतरल्या गाठ त्याच्याशीच पडते. बेंगळूरला सहा-सहा, दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मोजलेल्या माणसाला घरमालक मागेल ते रास्त वाटतं. ओंटारिओत शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटी फार तर एका महिन्याचं आगाऊ घेता येतं. मोडतोडीसाठी म्हणून डिपॉझिट घेणं बेकायदा आहे. ब्रिटिश कोलंबियात मोडतोडीसाठी अर्ध्या महिन्याचं घेता येतं. क्वेबेकमध्ये घरमालकाला डिपॉझिट मागताच येत नाही. देश एक आणि नियम तीन! आमच्या पहिल्या घरमालकानं मोडतोडीचे वेगळे पैसे मागितले होते. कायदा दाखवल्यावर त्यानं ते सोडून दिले. नसते सोडले तर आम्ही भाडेकरूंच्या न्यायाधिकरणाकडं गेलो असतो. तिथं वकील लागत नाही, सुनावणी बहुतेक ऑनलाइन होते, पण तारखेला वेळ लागतो, हेही खरं.

क्वेबेकबद्दल मात्र नीट विचार करा. तिथं खासगी व्यवहारांना फ्रेंच परंपरेतली दिवाणी संहिता, म्हणजे कलमवार लिहिलेला एकच कायदा लागू आहे, सध्याची १९९४ पासूनची. बाकीचे प्रांत इंग्रजी परंपरेतले, म्हणजे कोर्टाच्या आधीच्या निकालांना धरून चालणारे. कोर्टात इंग्रजी किंवा फ्रेंच, दोन्ही चालतं. पण १९७७ च्या भाषा कायद्यामुळं कायम राहायला आलेल्या कुटुंबाच्या मुलाला सहसा फ्रेंच शाळेतच घालावं लागतं, आणि नर्सलाही फ्रेंच यावं लागतं. मुलाच्या शाळेच्या भाषेवरून काय काय सोसावं लागतं हे आपल्या भागात घराघराला माहीत आहे. आपल्या घटनेत निदान कलम ३५० अ आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा म्हणणारं. कॅनडाच्या घटनेत अल्पसंख्य भाषेच्या शाळेचा हक्क फक्त इंग्रजी आणि फ्रेंचला आहे. मराठी तुम्हाला घरीच राखावी लागेल, आणि ती राखाच.

आता कोर्टं. आपल्याकडं शिडी एकच: खानापूरच्या कोर्टात केंद्राचा कायदाही चालतो आणि कर्नाटकचाही, वर धारवाडचं खंडपीठ, त्यावर दिल्ली. (धारवाडला २००८ मध्ये बेंच बसायला लागलं, त्याआधी हायकोर्टाच्या तारखेला बेंगळूर गाठावं लागायचं.) अमेरिकेत केंद्राची आणि राज्याची अशा दोन शिड्या शेजारी शेजारी आहेत. कॅनडा आपल्याला जवळचा: प्रांतातली कोर्टं दोन्ही कायदे बघतात, सगळ्यांच्या वर नऊ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. पण व्हिसा नाकारला तर प्रांताच्या कोर्टात जाता येत नाही. त्यासाठी फेडरल कोर्ट आहे, आणि आधी त्याची परवानगी मागावी लागते. निर्णय कॅनडाबाहेरच्या कचेरीचा असेल तर मुदत ६० दिवस, कॅनडातलाच असेल तर फक्त १५. नकाराचं पत्र हातात पडलं की आधी ती तारीख लिहून ठेवा.

जर्मनीची रीत निराळी. १६ राज्यं आहेत, पण मोठे कायदे बहुतेक केंद्राचे. ते राबवतात राज्यं. व्हिसा वाढवायचा तरी तुम्ही गावच्या परदेशी नागरिक कचेरीतच जाणार. भाड्याचा आणि नोकरीचा मूळ कायदा देशभर एक, ही नवख्या माणसाला मोठी सोय आहे. कोर्टं मात्र विषयवार वेगळी: साधी दिवाणी-फौजदारी, प्रशासकीय, कामगार, सामाजिक विम्याची आणि करांची. नोकरीवरून काढलं तर कामगार कोर्टात तीन आठवड्यांच्या आत दावा लावावा लागतो. पहिल्या पायरीवर जिंकलात तरी वकिलाची फी तुमची तुम्हीच भरायची. कोर्टाची भाषा जर्मन. तुम्ही दोघं मनापासून जर्मन शिकणार असाल तर जर्मनी, नाहीतर ओंटारिओ किंवा ब्रिटिश कोलंबिया, असं माझं स्पष्ट मत.

निघण्याआधी एक काम गावीच उरका. खानापूरच्या जमिनीचा वाद खानापूरच्याच हद्दीतल्या कोर्टात चालणार, तुम्ही जगात कुठंही असा. कॅनडाच्या किंवा जर्मनीच्या कोर्टाचा निकाल आपल्याकडं थेट बजावता येत नाही, त्यावर भारतात नवा दावा लावावा लागतो. म्हणून घरातल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र जाण्याआधीच सब-रजिस्ट्रारकडं करून घ्या. परदेशातून केलंत तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. कन्नडमधले जे दाखले अर्जाला जोडणार असाल, त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर बेळगावातच करून सोबत न्या.