अमेरिकन साहित्यावर पीएच.डी. करताना मॅथिसन यांचे 'अमेरिकन रेनेसाँ' हे समीक्षेचे पुस्तक आजही वाचावे का?

वाचावे, मात्र समीक्षिका जेन टॉम्पकिन्स यांचे 'सेन्सेशनल डिझाइन्स' (१९८५) शेजारी ठेवून वाचावे, आणि मार्गदर्शक त्याला नाक मुरडत असतील तर मार्गदर्शक बदलावेत.

एम.फिल.साठी मी हॅरिएट बीचर स्टो यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीविरोधी कादंबरीचा विषय मांडला, तेव्हा आमच्या सरांनी "रडकथांवर संशोधन होत नसते, मेल्व्हिल घ्या," असे समितीसमोर सुनावले. आधार अर्थातच मॅथिसन यांचा. हार्वर्डच्या या प्राध्यापकाने १९४१ साली 'अमेरिकन रेनेसाँ'त १८५० ते १८५५ हा काळ आणि इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल, व्हिटमन ही पाच नावे निवडली आणि पुढची कित्येक वर्षे अभ्यासक्रम त्यांच्याभोवतीच फिरत राहिले. याच काळात, १८५२ साली, पुस्तकरूपाने आलेल्या स्टो यांच्या कादंबरीच्या अमेरिकेत वर्षभरात सुमारे ३ लाख प्रती खपल्या. खपावरून गुणवत्ता ठरत नाही, हे सरांचे म्हणणे मला मान्यच होते. पण टॉम्पकिन्स विचारतात ते वेगळेच : ही कादंबरी वाचकाकडून काय करवून घेऊ पाहते? कादंबरीतील चिमुकल्या ईव्हाचा मृत्यू आज भडक वाटतो. परंतु निरागस जिवाच्या मरणातून इतरांचा उद्धार होतो, असे मनापासून मानणाऱ्या तेव्हाच्या ख्रिस्ती घरांत त्या प्रसंगाला युक्तिवादाचे बळ होते. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांची मने कशी घडली हे शोधायचे तर मेल्व्हिलचे 'मोबी डिक' फारसे उपयोगी पडत नाही, असे मी म्हणालो. "फुले इथे कशाला?" एवढेच विचारून सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला बोलावले. मी निमूटपणे व्हिटमनवर प्रबंधिका लिहिली.

मेल्व्हिलच्या भाषेत मुरलेला शेक्सपिअर मॅथिसन यांनी ज्या बारकाईने दाखवला, तसे वाचन टॉम्पकिन्स यांच्याकडे शोधू नये, हेही सांगितले पाहिजे. शिवाय स्टो यांच्या भावविवशतेवर कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली केलेली कठोर टीका वाचल्याशिवाय स्टो यांची बाजू घेणे उथळपणाचे ठरेल. आपला विषय मेल्व्हिलच असेल तर मॅथिसन यांच्यापासूनच सुरुवात करावी, फक्त त्यांची प्रस्तावना गाळू नये. त्या काळी लोक प्रत्यक्षात वेगळीच पुस्तके वाचत होते आणि तेही अभ्यासाचे क्षेत्र आहे, असे मॅथिसन यांनी तिथे स्वतःच नोंदवले आहे. आमच्या सरांनी ती पाने उघडली नसावीत, असा माझा दाट संशय आहे.