शाश्वत शेतीचे शिक्षण आणि प्रत्यक्ष अनुभव

प्रश्न : मुलीला बारावीनंतर शाश्वत शेती शिकायची आहे. कृषी पदवीत प्रत्यक्ष अनुभव कितपत मिळतो? – एक पालक

उत्तर : राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांच्या चार वर्षांच्या पदवीत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र अशा विषयांना प्रात्यक्षिकांची जोड असते, मात्र खरा कस चौथ्या वर्षीच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवात लागतो, कारण तेव्हा ‘कृषिकन्या’ म्हणून गावात जाऊन, १० किलो सोयाबीन बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम (एक जिवाणूखत) हलक्या हाताने चोळून ते सावलीत सुकवणे, यांसारखी प्रात्यक्षिके शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी लागतात. बियाण्याला बुरशीनाशक आधी आणि जिवाणूखत नंतर का, असे कोणी विचारले की नुसते पाठांतर पुरत नाही. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर विद्यार्थी स्वतः राबतात का, हे आपण जरूर पाहावे.