चिंचोके, लाकडी चांदणी आणि पुढची तारीख

सरकारी ओपीडीत मानसशास्त्रज्ञ म्हणून बसते, त्यामुळे या महिन्यातही मनाच्या आजारांबद्दल पत्रं भरपूर आली. त्यातली चार घेतली आहेत. 'माझा स्वभाव राशीवरून सांगा' छापाची बाजूला ठेवली. त्याचं सदर मागच्या पानावर आहे.

ताई, मी काटोलची. नागपुरात राहून मानसशास्त्रात एम.ए. केलं. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी करून सरकारी सेवेत जावं असं मनात आहे. बाबा म्हणतात, "पागलखान्यात नोकरी करशील का आता?" आमचे सर म्हणतात, सरकारी ओपीडीत इतकी गर्दी असते की थेरपी होतच नाही, नुसता आयक्यू काढत बसावं लागतं. खरं काय? — एक विद्यार्थिनी

बाबांचं आधी उरकते. ऑटोवाले अजून 'पागलखाना चौक'च म्हणतात, पण आतली पाटी प्रादेशिक मनोरुग्णालयाची आहे. १८६४ सालची संस्था, ९४० खाटांची. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं नागपूर, अशी राज्यातली ही चार जुनी मनोरुग्णालयं. तुला मात्र तिथेच बसावं लागेल असं नाही. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, मिहानकडे एम्स आहे. शिवाय १९९६ पासून केंद्राचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स असं पथक तालुक्याच्या दवाखान्यांमध्ये ठरलेल्या वारी जातं. ही पदं बहुतेक कंत्राटी असतात, मुदतवाढीची वाट बघावी लागते. घरचं कर्ज तुझ्या पगारावर फिटणार असेल तर हे आधीच धरून चाल.

आता शिक्षण. नुसत्या एम.ए.वर तुला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्याख्याच दिली आहे : भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही आरसीआयची मान्यता असलेलं. मध्यंतरी युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणून आता कोणत्याही संस्थेची फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाचं नाव आरसीआयच्या यादीत स्वतः डोळ्यांनी बघ. 'पंधरा दिवसांत समुपदेशक व्हा' असं सांगणाऱ्या जाहिरातींबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक कापतील.

तुझ्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पुस्तकातलं पन्नास मिनिटांचं सेशन सरकारी ओपीडीत क्वचितच मिळतं. बाकावर माणसं बसलेली, दाराशी कुणीतरी 'एकच मिनिट मॅडम' म्हणत डोकावतंय, आणि समोरच्या बाईंची एसटी दीडची. मी बसल्याबसल्या पहिलं विचारते ते हेच : परतीची गाडी कितीची? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये इतपत बदलून. कुही तालुक्यातल्या एक बाई. छातीत धडधड म्हणून ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं ठीक. चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. "मॅडम, जीव घाबरा होते जी. काहीच करू वाटत नाही." मुलीचं लग्न झाल्यापासून घराबाहेर पडणं जवळपास बंद, भजनी मंडळ सुटलेलं, वावरात जाणं सुटलेलं. आपल्या पुस्तकात अशा वेळी रोजची नोंदवही लिहायला सांगतात. त्यांना लिहिता येत नव्हतं. मग ठरवलं, ज्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडून कुणाशी दोन शब्द बोलाल त्या दिवशी डब्यात एक चिंचोका टाकायचा. मंगळवारचं भजन तेवढं चुकवायचं नाही, गायला नको, नुसतं जाऊन बसायचं. धडधड सुरू झाली की श्वास सोडताना मनात सहा मोजायचे. एवढंच. पुढच्या वेळी त्यांनी पदराची गाठ सोडून टेबलावर चिंचोके ओतले आणि मोजायला लागल्या. धडधड तेव्हाही होतीच, पण ती आली म्हणून भजन सुटत नव्हतं.

ही थेरपीच आहे. तिला वर्तन सक्रियता म्हणतात, शोधनिबंधांत तिचा भक्कम आधार आहे. ती गर्दीतही होते, अट एकच : माणूस पुन्हा यायला हवा. आमच्या कामाचं निम्मं कौशल्य त्यातच आहे. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी द्यायची म्हणजे एका तिकिटात दोन कामं होतात. गोळ्या त्याच दिवशी मिळतील असं बघायचं, सासूलाही आत बोलवायचं, आणि कार्डावर तारीख मोठ्या अक्षरात लिहायची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. जो पोचला तो दुसऱ्यांदा आला नाही, तर पहिल्या भेटीत मी कितीही छान बोलले असले तरी त्याला काय उपयोग?

हे करायला आवडत असेल तर ये. निवांत खोली, मऊ खुर्ची आणि बोलका, शिकलेला पेशंट हवा असेल तर धरमपेठेत दवाखाना टाक. त्यातही वाईट काही नाही.

माझा मुलगा चौथीत आहे. वाचन अजिबात जमत नाही. शाळेने 'आयक्यू काढून मतिमंदाचा दाखला आणा' असं सांगितलं. पण त्याच्या बाबांचा पानठेला आहे, तिथे तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे बरोबर देतो. दवाखान्यात नेलं तर एका तासात कागद हातात देतील का? भीती वाटते. — एक आई, उमरेड

पानठेल्याची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार चांगलं केलंत. दवाखान्यातही सर्वांत आधी तीच सांगा.

चाचणी म्हणजे परीक्षा नव्हे. मुलांसाठी आम्ही सहसा बुद्धी मोजणारी बिने-कामत चाचणी वापरतो, व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. कधी कधी लाकडी फळा असतो. त्यात दहा आकारांच्या खाचा असतात, चांदणी, फुली, अर्धवर्तुळ, आणि ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे. तीनदा करायला देतात आणि सर्वांत कमी लागलेला वेळ धरतात. मूल पहिल्यांदा बिचकतं, हे त्या मोजणीतच गृहीत आहे. चांदणी उलटी धरून खाचेवर आपटत बसणारं मूल आणि क्षणभर थांबून ती फिरवून बघणारं मूल, यांतला फरक मला घड्याळाआधी दिसतो.

दुसरी चाचणी मुलाची नसतेच, घरच्यांशी गप्पा असतात. व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी भारतातल्या घरांसाठी बसवली ती आपल्या नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातल्या डॉ. ए. जे. मालिन यांनी. देशभर तिला आजही 'नागपूरची' म्हणूनच ओळखतात, आणि आपल्याच गावात हे फार कुणाला ठाऊक नाही! त्यात ८९ गोष्टी आहेत : स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, एकटा शेजारी जाऊन येतो का, दुकानातून वस्तू आणतो का. इथे आई एकटी नको. आई म्हणते, बटणं येत नाहीत. आजी म्हणते, येतात की, शाळेच्या ऑटोची घाई असते म्हणून हीच लावून देते. दोघी माझ्यासमोर भांडतात आणि मला खरं उत्तर मिळतं. म्हणून आजीलाही घेऊन या.

आता तुमच्या भीतीबद्दल. सुटे पैसे देणारं, बोलण्या-वागण्यात वयाला साजेसं, फक्त अक्षरांशी अडणारं मूल मतिमंद नसून त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ती वेगळी नोंदलेली आहे. तिची तपासणी साधारण आठव्या वर्षापासून नीट करता येते, म्हणजे तुमचा मुलगा योग्य वयात आहे. दवाखान्यात 'आयक्यूचा कागद द्या' असं म्हणू नका. 'वाचन का येत नाही ते तपासा' असं म्हणा. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर कुणी पाहिलेलाच नाही अशी मुलंही आमच्याकडे येतात. हे एका तासात होत नाही, दोन-तीन खेपा पडतील. आणि दाखल्यावर कोणता शब्द लिहायचा हे शाळा ठरवत नाही.

माझा लहान भाऊ वर्षभरापासून खोलीतच बसून असतो. शेजारी आपल्याविरुद्ध बोलतात म्हणतो, रात्र-रात्र जागतो. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतो. आई दर गुरुवारी ताजबागच्या दर्ग्यात नेते, तिथे मात्र तो मुकाट्याने जातो. काका म्हणतात, चार माणसं लावून बांधून न्या. काय करावं? — महालमधले एक वाचक

बांधायचं नाही. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला कोणत्याही स्वरूपात मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, असा आणलेला माणूस गोळ्या सुरू झाल्यावर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या बंद करणं. 'नोकरीच्या मेडिकलला चल' म्हणून फसवूनही आणू नका. ज्याला आधीच वाटतंय की सगळे माझ्याविरुद्ध कट करतायत, त्याच्याविरुद्ध आपण खराच कट करायचा का?

ताजबागला जाणं थांबवू नका. बाबा ताजुद्दीन स्वतः १८९२ ते १९०८ या काळात नागपूरच्या या मनोरुग्णालयात होते, तिथून त्यांना रघुजीराजे भोसल्यांनी आपल्याकडे नेलं. म्हणजे आपल्या गावात दर्गा आणि दवाखाना तसे अनोळखी नाहीत. दर्ग्यातून आलेल्या पेशंटला मी कधी परत पाठवलं नाही, तिथे जाऊ नका असंही सांगितलं नाही. फक्त 'गोळी बंद करा' असं तिथे कुणी म्हणालं तर ते ऐकायचं नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत तर तो घराबाहेर पडतो ती एकच वाट आहे. ती का तोडता?

त्याला 'शेजारी काही बोलत नाहीत' हे पटवायला जाऊ नका, पटणार नाही. 'हो, बोलतात' असंही म्हणू नका. झोपेबद्दल बोला. रात्रभर जागून त्याचं डोकं जड होत असणार, ते त्यालाही नको आहे. 'झोपेसाठी डॉक्टरांना भेटू' यात खोटं काहीच नाही. तो येईपर्यंत तुम्ही आणि आई येऊन भेटा. पेशंट सोबत नसला तरी नातेवाइकांशी आम्ही बोलतो. यायला जमत नसेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही केंद्राची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आणि तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, किंवा खाणंपिणं सोडून बसला, तर संमतीशिवाय दाखल करण्यासाठी त्याच कायद्याचं कलम ८९ आहे. त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहायला नेमलेला माणूस, अर्ज करतो. दोन जण त्याला वेगवेगळे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच लागतो. दोघांचंही मत पडलं तर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क भावाला राहतो, आणि तो हक्क त्याला तुम्हीच सांगा. बरा झाल्यावर ते त्याच्या लक्षात राहतं.

माझे मिस्टर बरीच वर्षं लिथियमवर (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी) आहेत, तब्येत छान आहे. यंदा ऊन फार आहे आणि त्यांचं काम बाहेरचं. गोळी उन्हाळ्यापुरती बंद केली तर चालेल का? — एक वाचक, हिंगणा रोड

नाही. औषध बदलणं माझ्या हातात नाही, कायद्यानेही ते मला करता येत नाही, ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. पण मार्च लागला की आमच्याकडे सगळ्याच लिथियमवाल्यांना जे सांगतात ते लिहिते. घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं. म्हणून पाण्याची बाटली सोबत हवी आणि जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. ताक, पन्हं उत्तम. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घ्यायची नाही, त्यानेही पातळी वाढते. रक्तातली पातळी तपासायला द्यायची ती आदल्या गोळीनंतर बारा तासांनी. म्हणजे सकाळी रक्त देऊन मग गोळी, उलट नको. हात नेहमीपेक्षा जास्त कापायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना झोक जातो, बोलणं जड झालं, तर पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा. रविवार असला तरी. मेडिकलचा अपघात विभाग उघडा असतो, जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.