पेटीवाल्याचा डावा हात आणि सिंथचे नॉब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवता, यंदा तालमीच्या गणपतीला ऑर्केस्ट्रा बसवायचा म्हणून जुना सिंथसायझर घेतलात, मॅन्युअल मिळालं नाही. काही नॉब फिरवले तर काहीच होत नाही, काही फिरवले तर आवाजच गायब. मेहनतीनं जुळवलेला आवाज दुसरं बटण दाबलं की पळून जातो. आणि 'ह्यात ढोलकीचा ठेका कुठं आहे' हेही विचारलंय.

ठेक्याचं आधी निकालात काढतो. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारख्या कीबोर्डात तबला, तानपुरा, तयार ठेके असतात, कारण तो अरेंजर आहे. एकट्या माणसाला साथसंगत मिळावी म्हणून बनवलेला. सिंथ हा आवाज घडवण्यासाठी असतो, त्यात ठेका असलाच तर जेमतेम. आणि खरं सांगू का, कोल्हापुरात राहून ढोलकी यंत्रातून काढायची? हलगी-घुमकं वाजवणारी पोरं गल्लीत असताना? माणूस बसवा ढोलकीला.

आता मुख्य मुद्दा. पेटी वाजवणाऱ्याला सिंथ अवघड जातो तो पट्ट्यांमुळे नाही. सूर, पट्टी, गळ्याच्या मागं जाणं हे सगळं तुमच्याकडं आहेच. अडचण डाव्या हाताची आहे. पेटीत आवाजाचा जीव भात्यात असतो. सूर कसा उगवेल, कुठं फुगेल, कुठं विरेल, हे सगळं डावा हात नकळत करतो. सिंथला भाता नाही. म्हणजे ते काम कुणीतरी दुसऱ्यानं करायला हवं, आणि समोरचे निम्मे नॉब त्याच कामासाठी आहेत. ही दृष्टी ठेवून बघितलं की पॅनेल वाचता येतं.

पॅनेलचा क्रमही काही उगाच ठरलेला नाही. 1970 साली मिनिमूग नावाचा सिंथ आला. त्यात डावीकडं दोन चाकं, मग ऑसिलेटर, त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, मग फिल्टर आणि एन्व्हलप (ह्यांचा अर्थ पुढं सांगतो), शेवटी आउटपुट. आवाज ज्या रस्त्यानं जातो त्याच क्रमानं नॉब मांडलेले. पुढं बहुतेकांनी हाच नकाशा उचलला. 1983 च्या यामाहा डीएक्स7 नं नॉब काढून बटणं आणि एक स्लायडर ठेवला, तेव्हापासून आवाजाची अर्धी दुनिया मेनूत जाऊन बसली. (त्याची आवाज बनवायची पद्धतच वेगळी होती, त्यात फिल्टर नव्हताच. तो कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी शिकायला घेऊ नका.) तुमच्या सिंथवर नॉब कमी असले तरी मेनूतला क्रम साधारण हाच दिसेल.

ऑसिलेटर म्हणजे कच्चा आवाज. सॉ म्हणजे करवतीसारखी लहर: भरपूर उपस्वर (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे बारीक सूर), तिखट आवाज. स्क्वेअर पोकळ वाटते, साइन अगदी गुळगुळीत, आणि नॉइज म्हणजे नुसता फुस्स. अलीकडच्या वर्कस्टेशन पद्धतीच्या सिंथमध्ये इथं खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने असतात, सतारीचे, बासरीचे. पुढचा रस्ता मात्र तोच.

शिकताना पियानोचा आवाज घेऊ नका. त्यात बनवणाऱ्यानं आधीच इतकं काही करून ठेवलेलं असतं की तुमचा नॉब काय करतोय हे ऐकूच येत नाही. मेनूत 'इनिट' नावाचा कोरा आवाज असेल तर तो घ्या, नसेल तर साधा सॉ. एक सूर दाबून धरा आणि एकच नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. हेडफोन लावून, घरच्यांना त्रास न देता.

पहिला फिरवायचा तो फिल्टरचा कटऑफ. बहुतेक वेळा फिल्टर लो-पास असतो, म्हणजे ठरावीक सीमेच्या वरचे उपस्वर तो कापतो. नॉब डावीकडं गेला की आवाज मंद, दबलेला होत जातो, आणि अगदी शेवटाला गेला तर नाहीसा होतो. तुमचा आवाज 'गायब' होतो तो बहुधा असाच. रेझोनन्स त्या सीमेजवळचे उपस्वर उचलून धरतो. थोडा असेल तर आवाजाला नाकातली धार येते, फार झाला तर शिट्टी ऐकू येते. मंडपात मोठ्या स्पीकरवर रेझोनन्स जास्त असलेला आवाज कानात घुसतो. घरी गोड वाटला म्हणून फसू नका.

मग भात्याचं काम. सूर कसा चढेल आणि उतरेल हे ठरवतो तो एन्व्हलप. एन्व्हलपला चार नॉब: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो, कारण चारांपैकी तीन वेळ ठरवतात आणि एक पातळी. पट्टी दाबल्यापासून आवाज पूर्ण उगवेपर्यंतचा वेळ म्हणजे अटॅक. तिथून खाली यायला लागणारा वेळ म्हणजे डिके. खाली येऊन जिथं थांबतो ती पातळी सस्टेन. बोट उचलल्यावर विरायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. सस्टेन नॉब वाढवला म्हणून बोट उचलल्यावर सूर लांबत नाही, पट्टी धरलेली असेतो तो मोठा राहतो इतकंच. लांबवायचं काम पेडलचं आणि रिलीजचं.

आता वाद्यं ह्या चार नॉबांत बसवून बघा. पेटी: अटॅक लहान, सस्टेन पूर्ण, रिलीज जवळपास शून्य. संतूर: अटॅक शून्य, डिके लांब, सस्टेन शून्य; पट्टी धरून ठेवली तरी आवाज आपोआप विरणार. बासरीला अटॅक किंचित वाढवा, फुंकर लागल्यासारखं होतं. व्हायोलिनच्या ताफ्याचे जे 'स्ट्रिंग्स' आवाज मिळतात त्यांचा अटॅक बऱ्याचदा इतका सावकाश असतो की द्रुत लयीतल्या गजरात तुमचे सूर उगवायच्या आतच पुढचा सूर येतो. मग लोक म्हणतात कीबोर्ड ऐकू येत नाही, आणि साउंडवाला व्हॉल्यूम वाढवतो. उपाय व्हॉल्यूम नाही, अटॅक कमी करणं आहे. ठाय लयीत तोच आवाज सुंदर लागतो.

बहुतेक सिंथमध्ये एन्व्हलप किमान दोन असतात, एक आवाजाच्या पातळीला, एक फिल्टरला. फिल्टरवाल्याशेजारी 'अमाउंट' किंवा 'डेप्थ' असतं. ते शून्यावर असेल तर त्या एन्व्हलपचे चारही नॉब दिवसभर फिरवलेत तरी ढिम्म फरक पडणार नाही.

'नॉब फिरवला तरी काहीच होत नाही' ह्याची ही झाली एक कारणमीमांसा. बाकीचीही सांगतो, कारण नव्या माणसाला यंत्र बिघडलंय असं वाटतं. कटऑफ आधीच पूर्ण उघडा असेल तर उजवीकडं फिरवून काय होणार? काही मॉडेलांवर एकाच नॉबला दोन-तीन कामं असतात आणि शेजारचा दिवा सांगतो सध्या कुठलं चालू आहे. दिवा बघायची सवय लावा. कधी आवाज दोन थरांचा असतो आणि तुम्ही फिरवताय ते गप्प असलेल्या थराचे नॉब. आणि एक कारण हमखास चकवतं: आवाज बदलला तरी नॉब आपल्या जागीच राहतो. आत साठवलेली किंमत एक, नॉबचं टोक दाखवतंय दुसरंच. काही सिंथ अशा वेळी, नॉब त्या साठवलेल्या किमतीवरून जाईपर्यंत काहीच करत नाहीत. पूर्ण एक फेरी मारून बघा, पकड येते.

एलएफओ हाही ऑसिलेटरच, पण इतका संथ की ऐकू येत नाही, फक्त दुसऱ्या कशाला तरी हलवतो. सुरावर लावला तर कंप, पातळीवर लावला तर थरथर, फिल्टरवर लावला तर वा-वा. रेट म्हणजे किती वेगानं, डेप्थ म्हणजे किती. इतकं पुरे.

आता डाव्या हाताकडं येतो, कारण तुमच्यासाठी खरी दौलत तिथं आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही, ही पेटीची जुनी खंत. सिंथच्या डाव्या बाजूचं पिच बेंडचं चाक नेमकं तेच देतं. साधारणपणे ते वर-खाली दोन अर्धस्वर जातं. म्हणजे सा दाबून चाक पूर्ण वर ढकललं तर शुद्ध रे, पूर्ण खाली ओढलं तर कोमल नी. शुद्ध ग वरून म ला जायचं तर अंतर एकाच अर्धस्वराचं, म्हणून चाक अर्ध्यापर्यंतच. हे अर्धं कुठं, ते कानानंच शोधावं लागतं आणि सुरुवातीला सूर चढतो.

म्हणून एक युक्ती. चाकाला स्प्रिंग असते, सोडलं की ते बरोबर मध्यावर येतं. त्याचा फायदा घ्या: चाक आधी पूर्ण खाली ओढून धरा, मग ग ची पट्टी दाबा. वाजेल रे. आता चाक हळू सोडा, रे वरून सरकत सूर ग वर येऊन थांबेल, आणि पोहोचल्यावर तो अचूकच असेल. पोहोचायचा सूर पट्टीवर आणि निघायचा सूर चाकावर, असं ठेवलं की मींड बेसूर होत नाही. जास्त लांबची मींड हवी तर मेनूत बेंड रेंज वाढवता येते, पण मग चाकाच्या जरा हलण्यानंही सूर सुटतो. मी दोनवरच ठेवतो.

दुसरं चाक मॉड्युलेशनचं, त्यावर बहुतेक कंप लावलेला असतो. रोलँडवर दोन चाकांऐवजी एकच दांडी असते: आडवी हलवली की सूर, पुढं ढकलली की कंप. माझं मत विचाराल तर भजनात, नाट्यगीतात हा कंप जपून. तो एलएफओचा, म्हणजे घड्याळासारखा एकसारखा. आपल्या गायन समाज देवल क्लबात बसून गाणं ऐकलेल्या कानाला तो लगेच खोटा लागतो. आंदोलन हवं असेल तर पिच बेंडवर बोट ठेवून हातानंच द्या. पोर्टामेंटो नावाचं बटणही आहे, त्यानं प्रत्येक सूर मागच्या सुरापासून घसरत येतो. बासरीच्या एखाद्या आलापीला ठीक. चालू राहिलं तर सगळं गाणं तेलकट होतं.

फुगवणं-विरवणं मात्र हाताऐवजी पायाकडं द्या. मागच्या बाजूला एक्स्प्रेशन पेडलची जागा असेल तर ते पेडल घ्याच, तोच तुमचा नवा भाता. घेताना सिंथच्या कंपनीला चालणारंच घ्या, कारण आतली जोडणी कंपनीनुसार बदलते. पट्टी किती जोरात मारली त्यावर आवाज ठरवणारी 'व्हेलॉसिटी' पेटीवाल्यांना आधी त्रास देते, सूर लहान-मोठे पडतात. पेटी, ऑर्गनच्या आवाजाला ती 'फिक्स्ड' करून टाका. पियानो, संतूरला राहू द्या आणि बोटं हळूहळू तयार करा.

ट्रान्सपोज तुम्हाला कळेलच: गायक काळी एक ऐवजी काळी दोनला गाणार म्हणाला तर अधिक दोन, बोटं तीच. ऑक्टेव्ह बटण सबंध सप्तक हलवतं. तिसरं आहे मास्टर ट्यून, आणि लोक त्याकडं बघतही नाहीत. सिंथ 440 हर्ट्झला लावून येतो. जुनी पेटी तशी असेलच असं नाही. पेटी 442 ला असेल तर फरक जेमतेम 8 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या बाराव्या भागाहूनही कमी, पण दोन्ही एकत्र लांब धरली की सुरात लाट येते. पेटी हलवता येत नाही, सिंथ येतो. तानपुरा लावायचा तर तोही त्याच सुराला.

आवाज पळून जातो त्याचं कारण साधं: नॉब फिरवून केलेला बदल तात्पुरता असतो. 'राइट' किंवा 'सेव्ह' दाबून यूजर बँकेत ठेवला तरच राहतो. ठेवताना नाव द्या, गाण्याचं नाव दिलं तर स्टेजवर सोपं जातं. दोन आवाज एकावर एक किंवा पट्ट्यांच्या दोन भागांत लावायचे असतील तर त्याचं दालन वेगळं असतं. कोर्ग एकट्या आवाजाला प्रोग्राम आणि जोडीला कॉम्बिनेशन म्हणतं. रोलँडच्या बऱ्याच मॉडेलांवर पॅच आणि परफॉर्मन्स. जोडी सेव्ह केली म्हणजे आतल्या आवाजातला बदल सेव्ह झाला असं दर वेळी नसतं, त्यामुळं आधी आवाज ठेवा, मग जोडी. सेव्ह होताना वीज जाऊ देऊ नका. गणपतीत हे अशक्य वाटत असेल तर घरीच उरका आणि पेनड्राइव्हवर प्रत काढा.

जुना घेतलाय म्हणून दोन गोष्टी तपासा. पट्ट्या दाबून काहीच वाजत नसेल तर मेनूत 'लोकल', म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी असलेला जोड, बंद आहे का बघा. आधीचा मालक कॉम्प्युटरला मिडीनं (वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीनं) जोडत असेल तर तो बंद करून विसरलेला असतो. आणि सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे दाबलं की सूर तुटतो आणि सोडलं की लांबतो, तर सिंथ बंद करा, पेडल जोडा, पाय बाजूला घ्या आणि मग चालू करा. पुष्कळ मॉडेलं चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. तरी उलटंच राहिलं तर मेनूत पेडल पोलॅरिटी असते. मॉडेलचा नंबर इथं लिहा, कुठल्या पानावर आहे ते सांगतो.